सफेद्याचे सात हात

तारीख ४, सोमवार

एकेचाळीस वर्षं रंगारी म्हणून काम केलं. एवढ्या वर्षांत माझ्या रंगाला नावं ठेवणारं माणूस मला भेटलं नव्हतं. आज एक बाई भेटली, आणि तीही माझ्याच घरात, मी पुढे केलेल्या खुर्चीवर बसून.

हे सगळं सुनेचं खूळ. पाळणाघरात घालायच्या आधी दोन्ही मुलांचं रक्त तपासलं, त्यात म्हणे शिसं निघालं. नातू अकरा महिन्यांचा, त्याला आम्ही गोळा म्हणतो, त्याचं नऊ. नात चार वर्षांची, ती चिमणी, तिचं सात. शाळेत असे मार्क मिळाले तर कोणी ढुंकून बघत नाही, पण सुनेने हाय खाल्ली. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर लोकांसमोर काचा बदलून "आता दिसतंय का?" विचारत असते, त्यामुळे कोणालाच न दिसणाऱ्या गोष्टी तिला घरीही दिसतात. तिने आरोग्य खात्याला कळवलं आणि त्यांनी ही यंत्रबाई पाठवली.

यंत्रबाईने तिचं ते पिस्तुलासारखं यंत्र दाराला लावलं, चौकटीला लावलं, खिडकीच्या फळीला लावलं. जिथे लावेल तिथे ते ओरडत होतं.

"आजोबा, हा रंग कोणी दिलाय?"

"मी. सफेदा जवसाच्या बेलतेलात स्वतः घोटून. चौतीस वर्षांत सात हात दिलेत. असं काम आता बघायलाही मिळायचं नाही."

"सफेदा म्हणजे शिसंच ना, आजोबा."

मला सांगते! मी म्हटलं, "बाई, एकेचाळीस वर्षं मी तो याच हातांनी कालवला. मला काय धाड भरली?" तिने माझ्या हातांकडे पाहिलं. उजवा पंजा हल्ली मनगटातून जरा लोंबतो, ते वयाचं आहे. हल्लीचे कपही बुळबुळीत असतात, धरले की सुटतात.

मग तिने व्याख्यान दिलं. खिडकी उघडताना लावताना रंग घासला जातो, त्याची पूड फळीवर बसते, मूल फळीला हात लावतं आणि हात तोंडात घालतं. शिवाय या रंगाची चव गोड असते, म्हणून मुलं फळी चावतात.

"हो, गोड असते," कोपऱ्यातून माझा मुलगा म्हणाला.

पस्तीस वर्षांचा घोडा. पार्सलच्या गोदामात खोकी लावतो. कधी तोंड उघडत नाही, आणि उघडलं ते हे बोलायला. मी म्हटलं, "तुला विचारलंय कोणी?" यंत्रबाई मात्र त्याच्याकडे बघतच राहिली.

जाताना हुकूम देऊन गेली. कोरडं खरवडायचं नाही. काचपेपर लावायचा नाही. झाडू मारायचा नाही. पुसायचं ते ओल्या फडक्याने. पुढच्या महिन्यात रीतसर काम करू, तोवर खिडक्या झाकून ठेवा. रंगाच्या धंद्यातल्या माणसाला घासू नको म्हणून सांगायचं, हे म्हणजे न्हाव्याला कात्री धरू नको म्हणण्यापैकी झालं.

तारीख ६, बुधवार

मुलाने खिडक्यांच्या फळ्यांना प्लॅस्टिक लावलं. तीन खिडक्या, चार तास. एक पट्टी चिकटवतो, अंगठ्याने दाबतो, मागे होऊन बघतो, परत दाबतो. माझ्या हाताखाली असता तर दुपारच्या जेवणाआधी हाकलून दिला असता. ठेवून पाहिलाही होता एकदा, तो सोळा वर्षांचा असताना. डब्याचं माप सांगावं तर तिसऱ्यांदा विचारायचा. शाळेत चौथी इयत्ता दोनदा, सातवी दोनदा, मग शाळेनेच हात टेकले. एक वाक्य वाचायचं तर ओळीखाली बोट धरतो. मठ्ठ म्हणजे अगदी मठ्ठ. चारचौघांत मी त्याला याच नावाने हाक मारायचो आणि तो ओ द्यायचा, त्यावरून समजा.

त्याची आई जाईपर्यंत एकच म्हणत राहिली, "अहो, आधी असा नव्हता हो तो." आईचं मन, दुसरं काय.

अशा माणसाला डोळे तपासणारी बायको मिळाली, याचंच मला नवल वाटतं.

तारीख १०, रविवार

आज निकाल लावून टाकला.

सून मुलांना घेऊन आईकडे गेली होती, संध्याकाळी येणार. मुलाला रविवारीही गोदामात बोलावलं होतं. घर रिकामं. मी माझी जुनी पेटी काढली. रंग खरवडायची पत्री, काचपेपर, लाकडी ठोकळा, सगळं जिथल्या तिथे. हत्यारं ठेवावीत तर अशी.

विचार सरळ होता. यंत्र ओरडतं ते रंगामुळे. वरचे हात काढून टाकले, फळी साफ घासली, की यंत्राचं तोंड बंद आणि यंत्रबाईचंही. सुनेलाही कळेल की घरात जाणता माणूस बसलेला असताना सरकार दरबारी धावायची गरज नसते. प्लॅस्टिक अलगद सोडवलं, दारं लावून घेतली (शेजारच्यांना उगीच चर्चेला विषय नको), आणि तीन तास दमदार काम केलं. पत्रीने टवके काढले, मग काचपेपर. सफेद्याची पूड पिठासारखी मऊ उडते, तशी दुसऱ्या कशाची उडत नाही. घरभर तो जुना वास दरवळला. खरं सांगायचं तर बऱ्याच वर्षांनी जीव रमला.

शेवटी झाडूने सगळं लोटून काढलं, गादीवरची चादर गॅलरीत झटकली, प्लॅस्टिक होतं तसं चिकटवलं. बाहेरून पाहून ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. ठोकळा आणि उरलेला काचपेपर घाईत पलंगाखाली सरकवला.

मनगट दुखतंय. पोटातही सकाळपासून पीळ पडतोय, ते नेहमीचं.

संध्याकाळी गोळा आला तो सरळ रांगत माझ्याकडे. कामाचा सदरा अजून अंगातच होता, त्याला तसाच उचलून घेतला. कॉलर धरून तोंडात घातली लबाडाने. आजोबाची ओढ आहे त्याला.

तारीख ११, सोमवार

मुलगा सकाळी पलंगाखाली वाकून काहीतरी शोधत होता. मग ओलं फडकं घेऊन जमीन पुसत बसला, कामावर जायला उशीर झाला तरी. मी विचारलं, काय हरवलं? म्हणाला, "काही नाही, बाबा." याच्या डोक्यात काय चालतं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

तारीख १९, मंगळवार

चिमणीचं पोट दुखतंय. गोळा किरकिर करतो, घास तोंडातून बाहेर काढतो. सुनेचं म्हणणं, डॉक्टरकडे जाऊ. मी म्हटलं, दात येत असतील. पूर्वी मुलांना काही व्हायचं तेव्हा आम्ही वही पेन घेऊन बसत नव्हतो.

मुलगा रोज उठून जमीन पुसतो. ही नवीनच हौस.

तारीख २६, मंगळवार

दुसरा रिपोर्ट आला. गोळा एकतीस. चिमणी सोळा.

मी म्हटलं, प्रयोगशाळेत नळ्या बदलल्या असतील. सुनेने दुकानातला बारीक टॉर्च आणला होता, तो घेऊन ती जमिनीवर आडवी झाली आणि फरशीला समांतर उजेड टाकला. फडकं पोचत नाही तिथे, पलंगामागे, कपाटामागे, फळीखालच्या सांदीत पांढरी पूड बसलेली होती, अगदी एकसारखी.

"आता दिसतंय का, बाबा?" ती म्हणाली.

म्हणाली, मुलांच्या पोटात ही नुसती तोंडातून गेली की श्वासातूनही, सांगता येत नाही. मी चष्मा पुसला.

मग ती मुलाकडे वळली. ती नवऱ्याला अरे-तुरे करते. "प्लॅस्टिक तू लावलंस ना? मग ही पूड आली कुठून? कोणी खरवडलं?"

तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझंच चुकलं. पट्टी नीट बसली नव्हती. मीच जरा खरवडून बसवली."

"जरा? बाई काय सांगून गेल्या होत्या? एवढंही लक्षात राहत नाही तुझ्या?"

"नाही राहत," तो म्हणाला.

मठ्ठपणाची कमाल झाली! न केलेला गुन्हा कबूल करणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. त्याला कदाचित खरंच वाटत असेल की त्याने केलं. मी मध्ये पडणार होतो, पण सून इतकी रडत होती की तेव्हा काही बोलणं बरं दिसलं नसतं.

तारीख २७, बुधवार

डॉक्टरकडे मीही गेलो. पोरगेलासा माणूस, बोलताना पेन फिरवतो. म्हणाला, पंचेचाळीसच्या वर गेलं तर दवाखान्यात ठेवून औषध द्यावं लागेल. आत्ता मुख्य औषध म्हणजे मुलांना त्या घरातून हलवणं.

सुनेने विचारलं, "डोक्यावर परिणाम होईल का?"

तो म्हणाला, "वेळेत थांबवलं तर बरीच आशा आहे. पण एवढ्या लहान वयात वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं की मुलं मागे पडतात. वाचायला त्रास होतो, लक्षात राहत नाही, मुलं गप्प गप्प होतात. मग लोक म्हणतात, ढ आहे."

मुलगा माझ्या शेजारी बसला होता. गोळ्याचा मोजा निघाला होता, तो परत चढवत होता. कितीतरी वेळ चढवत होता.

पेन फिरवणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये असं माझं मत आहे.

तारीख ३०, शनिवार

सून मुलांना घेऊन आईकडे राहायला गेली. चिमणीने दारातून विचारलं, "आजोबा, घराला बरं वाटलं की आम्ही येऊ ना?" तिला कोणीतरी सांगितलंय की घर आजारी आहे.

मलाही घरातून बाहेर काढलंय. समोरच्या इमारतीत सुनेच्या ओळखीच्यांची एक खोली रिकामी होती, तिथे. यंत्रबाईने मुलाला काम शिकवलं. खिडक्यांचं काम तोच करणार, गोदामातून सुटल्यावर आणि रविवारी. मी म्हटलं, "एकेचाळीस वर्षं काम केलेला रंगारी इथे बसलाय आणि काम याला देताय?"

यंत्रबाई म्हणाली, "आजोबा, या कामाला घाई न करणारा माणूस लागतो."

तारीख ३, बुधवार

आमच्या घराच्या पायरीवर बसून खिडकीतून त्याचं काम बघतो. तोंडाला मास्क, अंगात कागदी झगा, जमिनीवर प्लॅस्टिक. आधी पाणी फवारतो. थांबतो. पत्री लावतो, एक बोटभर रंग काढतो, तो ओला टवका उचलून पिशवीत टाकतो. परत पाणी. तीच जागा तीनदा पुसतो, दर वेळी नवीन फडक्याने. पिशवीचं तोंड बांधतो, गाठ ओढून बघतो, परत ओढून बघतो.

दोन तासांत वीतभर फळी झाली. मी ओरडलो, "अरे, हा वेग आहे का?" तो म्हणाला, "बाबा, पूड उडायला नको."

वीतभर फळी मात्र लाकडापर्यंत साफ होती. जमिनीवर एक कण नव्हता. हे मी कोणाला सांगणार नाही.

तारीख ७, रविवार

नीट लिहायला हवं.

सकाळी तो आतल्या खोलीच्या खिडकीवर होता. ही खोली तो लहान असताना त्याचीच होती. थोड्या वेळाने त्याने खिडकीतून हाक मारली. "बाबा, इथे लाकडात दात आहेत."

मी पायरीवरून उठून खिडकीपाशी गेलो. माझ्या खरवडण्यातून उरलेले वरचे चार हात त्याने काढले होते. खाली भोकं बुजवायचं जुनं लुकण लागलं, ते पाण्याने सुटून आलं होतं, आणि त्याच्याखाली फळीच्या कडेला बारीक खाचा होत्या. वरच्या दातांच्या दोन, खालच्या दोन, अशा कितीतरी जोड्या.

"चिमणीचे असतील का?" तो घाबरून म्हणाला. "तिनेही चावलं असेल?"

"चिमणीचे कसे असतील?" मी म्हटलं. "वर चार हात आहेत."

तो खाचांकडे बघत राहिला. मला तिथे उभं राहवेना. मी समोरच्या इमारतीतल्या माझ्या खोलीत आलो आणि सोबत आणलेली ट्रंक पलंगाखालून ओढली. कामावर असल्यापासून रोज वही लिहायची सवय आहे, आज कुठे काम केलं, किती दारं झाली, रंग किती लागला. सगळ्या वह्या आहेत. घराचीही कामं त्यात टिपलेली. शोधायला वेळ लागला नाही, माझं काम व्यवस्थित असतं ना.

बत्तीस वर्षांपूर्वीची वही. माझंच अक्षर, तेव्हाचं, सरळ.

"पोराने आतल्या खिडकीची फळी परत कुरतडली. ओठ पांढरे. दोन थोबाडीत दिल्या. लुकण भरून घासली, तिसरा हात दिला. डाग दिसत नाही."

'परत' लिहिलंय. म्हणजे आधीही केलं होतं. म्हणजे मला ठाऊक होतं की तो ती फळी खातो, आणि मी काय केलं, तर पोराला मारलं आणि फळी दुरुस्त केली. वर ताजा सफेदा लावला. त्याला पुढे खायला ताजा वाढून ठेवला.

आणि मागच्या महिन्यात त्याच्या पोराला तोच पुन्हा, पीठ करून.

आयुष्यभर ज्याला मठ्ठ म्हटलं त्याने पलंगाखालचा माझा काचपेपर पाहिला, गुपचूप उचलून नेला, मला कळू न देता रोज जमीन पुसली आणि बायकोच्या शिव्या खाल्ल्या. आणि मी इथे लिहून ठेवलं, नवीनच हौस! याच वहीत, याच पेनाने. आज स्वतःची महिन्याभराची पानं वाचली. इतका भिकार माणूस मी कुठल्याही साइटवर पाहिला नाही. डॉक्टरच्या पेनाला हसत होतो.

तारीख ८, सोमवार

सकाळी सुनेला फोन केला. म्हटलं, खरवडलं ते मी, दहा तारखेला, दारं लावून, कोरडं. तुझ्या नवऱ्याने काही केलेलं नाही. ती म्हणाली, "बाबा, मला आत्ता तुमच्याशी बोलायचं नाहीये." फोन ठेवला. बरोबर केलं. ठेवायच्या आधी एवढं मात्र सांगितलं की परवा तपासलं त्यात गोळ्याचं चोवीस आलंय.

संध्याकाळी मुलगा गोदामातून आला. झगा चढवायच्या आधी मी त्याला पायरीवर बसवलं आणि ती जुनी वही त्याच्या मांडीवर ठेवली. पान उघडून दिलं.

त्याने ओळीखाली बोट धरलं. ओठ हलत होते. 'थोबाडीत' वर अडला, पुढे गेला. तीन ओळींना त्याला जेवढा वेळ लागतो तेवढा लागला. मी घाई केली नाही. पहिल्यांदाच.

शेवटच्या शब्दापाशी त्याचं बोट थांबलं. मला वाटलं वही फेकेल. फेकावी, असंही वाटलं.

"बाबा," तो म्हणाला, "म्हणजे मी आधी बरा होतो?"

मी सोबत आणलेली त्याआधीची वही त्याच्या मांडीवर उघडली. त्यातली एक नोंद मला कालच सापडली होती, ती मी इथे लिहिली नव्हती. आता वाचून दाखवलं.

"पोरगं दीड वर्षाचं झालं. आज डब्यांपुढे बसवलं. पिवळा, हिरवा, तांबडा, निळा, चारही बरोबर दाखवले. एकदाही चुकला नाही. शेजारचे बघायला आले. डोकं तेज आहे."

तो खिडकीकडे बघत होता. फळीचा तो तुकडा अजून तसाच उघडा होता.

"परत वाचा," तो म्हणाला.

मी परत वाचलं.